आमच्याकडे दूध घालतात

कसबा बावड्यात जोतीराम चौगल्यांना न ओळखणारा माणूस सापडलाच, तर तो नवा भाडेकरू समजावा. चार म्हशींचा गोठा, मोपेडच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, आणि आवाज असा की नागाळा पार्कातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांनी बेल बसवली नसती तरी चाललं असतं. हा माणूस नुसतं ‘बरं हाय न्हवं?’ म्हणाला तरी परगावच्याला वाटतं, आता हाणामारी होणार. बावड्याला त्याचं काही वाटत नाही. तिथं सगळेच तसं बोलतात, जोतीराम जरा जास्त मनापासून बोलतात एवढंच.

साठी उलटली तरी या माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता. आता कोल्हापूरहून समुद्र म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी निघालं तर दुपारचं जेवण रत्नागिरीत होतं. पण म्हैस सकाळ-संध्याकाळ धार देते आणि परक्या हाताला देत नाही. सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं, यात जेवढं जग मावतं तेवढं जोतीरामांनी बघून घेतलेलं. जोतिबा झाला, पन्हाळा झाला, नरसोबाची वाडी झाली, आणि मुरगूडला म्हैस आणायला जायचं ते वेगळं.

त्यांची एकुलती एक लेक तेजस्वी. शिकली, विमा कंपनीत अधिकारी झाली, आदर्शशी लग्न करून नागाळा पार्कातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिच्या घरचं दूधही अर्थात जोतीरामांचंच. जावयाच्या दारी रोज उठून जायचं नाही म्हणून ते वर जात नसत. खालूनच ‘तेजूऽऽ’ अशी हाक मारत. अर्ध्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडत. तेजस्वी भांडं घेऊन जिन्यानं पळतच खाली येई, कारण उशीर केला की दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी असे.

ती बापावर रागावायची नाही. पण त्या हाकेनं तिला ओशाळल्यासारखं व्हायचं, हे मात्र खरं. हे ओशाळणं कुठून सुरू झालं तेही तिला ठाऊक होतं. नोकरीला लागल्यावर पुण्याच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये ती म्हणाली होती, “मी उद्या लवकर येतो.” कोल्हापुरात बायका येतोच म्हणतात, जातोच म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुण्यात सगळी खोली हसली. कुणी वाईट हसलं नाही, पण हसली. त्या दिवसापासून तेजस्वीनं तोंडात दोन जिभा ठेवल्या. ऑफिसात ‘येते’, बावड्यात ‘येतो’. कपडे बदलावेत तशी ती जीभ बदलायची, आणि कधी कुठली बाहेर पडेल याची सतत धास्ती बाळगायची.

यंदा कंपनीचं ट्रेनिंग निघालं कोचीला. पुढं शनिवार-रविवार जोडून येत होता. आदर्शला एमआयडीसीतून रजा मिळेना. तेव्हा तिची आई अंबूबाई म्हणाली, “तुज्या बाला घेऊन जा की. म्या बघतो म्हशीकडं. माज्या हाताला देत्यात त्या. मानसानं मरायच्या आदी एकदा तरी समुद्र बगावा.”

जोतीराम नको नको म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी नवी टोपी घेऊन आले.

मिरजेला गाडीत बसल्यापासून त्यांनी डबा ताब्यात घेतला. समोरच्या मल्याळी कुटुंबाला ‘पावणं, घ्या की’ म्हणून भडंगाची पिशवी पुढं केली. त्यांनी संकोचानं चिमूटभर घेतलं तर हातावर मूठभर ठेवलं. भाषा येत नव्हती म्हणून हे गप्प बसतील असं वाटणाऱ्यानं जोतीरामांना ओळखलंच नाही. समोरच्याला मराठी कळत नसेल तर ते तीच मराठी मोठ्यानं बोलत. कारवारच्या पुढं गाडी गेली तोवर अख्ख्या डब्याला ठाऊक झालं होतं की ही माझी लेक, सायबीन हाय, आणि मला समुद्र दावायला चालली हाय. तेजस्वी खिडकीकडं तोंड करून बसून होती.

एर्नाकुलमला कंपनीनं मोठं हॉटेल घेतलं होतं. तेजस्वीनं बापाला खाडीपलीकडं, जुन्या कोचीतल्या एका लॉजवर ठेवलं. “आमच्या हॉटेलात पाहुणे चालत नाहीत आप्पा,” ती म्हणाली. चालतात की नाही, हे तिनं हॉटेलला विचारलंच नव्हतं.

“चालंना तर ऱ्हाऊ दे,” जोतीराम म्हणाले. “मला हितं समुद्र जवळ पडतोय. तू तुजं काम कर. शनवारी दोगं मिळून फिरू.”

शुक्रवारी रात्री जेवताना क्रांती मॅडमनी तेजस्वीला शेजारी बसवून घेतलं. क्रांती मॅडम म्हणजे पुण्याच्या विभागप्रमुख. बाई हुशार आणि स्वभावानं बऱ्या. त्यांनी सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?”

“डेअरी बिझनेस आहे वडिलांचा,” तेजस्वी म्हणाली.

तसं बघायला गेलं तर यात खोटं काय होतं? चार म्हशी म्हणजे डेअरी आणि दूध घालणं म्हणजे बिझनेस. पण क्रांती मॅडमच्या डोळ्यांपुढं काचेची केबिन आणि टँकरची रांग उभी राहिली, हे तेजस्वीला दिसलं, आणि तिनं ती तशीच उभी राहू दिली. शेजारी बसलेला नाशिक शाखेचा शहजाद म्हणाला, “मग काय, दूधदुभतं भरपूर! कोल्हापूरला आलो की तुमच्याकडंच उतरायचं.” तीही हसली. आणि मग मॅडमनी जाहीर केलं की उद्या गाडी रात्रीची आहे, तर सगळ्यांनी मिळून खाडीपलीकडचं फोर्ट कोची बघू. तेजस्वीनं हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. बापाला तिनं सकाळी दहाला किनाऱ्यावर, चिनी जाळ्यांपाशी थांबायला सांगितलं होतं.

रात्री तिनं फोन केला. “आप्पा, उद्या सकाळी ऑफिसचं काम निघालंय. तुम्ही लॉजवरच थांबा. मी दुपारी येतो.” जोतीराम बरं म्हणाले. पण म्हशींबरोबर आयुष्य काढलेला माणूस उजाडल्यावर लॉजच्या खोलीत बसून राहील, हे तिला खरं वाटलं असेल तर ती जोतीरामांची लेक नव्हे.

सकाळी बोटीतून उतरून ही मंडळी किनाऱ्यानं चालू लागली. गाव मोठं देखणं. अंगणाएवढी सावली धरणारी झाडं, पोर्तुगीज-डचांच्या वेळची जाड भिंतींची घरं, कुठल्याशा वखारीतून येणारा मिरी-सुंठीचा वास. खाडीच्या तोंडातून एक मालवाहू जहाज इतकं जवळून चाललं होतं की रस्ताच चालतोय असं वाटावं. क्रांती मॅडम वास्को द गामाविषयी सांगत होत्या. तेजस्वी मान हलवत होती आणि डोळ्यांनी पांढरी टोपी शोधत होती, दिसू नये म्हणून.

टोपी दिसण्याआधी आवाज आला.

“म्याच वडायचं आन वर म्याच पैसं द्यायचं? ह्यो कुटला न्याय रं, पावणं?”

झालं होतं ते असं. ती चिनी जाळी म्हणजे किनाऱ्यावर रोवलेले लाकडाचे अवाढव्य सांगाडे. पलीकडच्या टोकाला खोलीएवढं जाळं, अलीकडं दोरांना बांधलेले धोंडे. पाच-सहा जण दोर ओढतात तेव्हा जाळं पाण्यातून वर येतं. जोतीराम सकाळीच तिथं जाऊन उभे राहिले. माणसं ओढतायत आणि आपण हात बांधून बघतोय, हे त्यांना सोसेना. आपल्याकडं एखाद्याचं नांगरट-पेरणीचं काम अडलं की गावातली माणसं आपणहून बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात. त्याला इर्जिक म्हणतात. तिथं मजुरी नसते, पण ज्याचं काम असतं तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. जोतीरामांनी शर्ट काढून कठड्यावर ठेवला आणि बंडीवर दोराला हात घातला. कोळ्यांनी हसून जागा करून दिली. एकदा जाळं वर आलं, दोनदा आलं, तिसऱ्यांदा जोतीरामांनी ‘चांगभलं’ म्हणून असा हिसका दिला की कोळीही ओरडले.

फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तिथं प्रवाशांना हौस म्हणून दोर धरायला देतात आणि मग त्या हौसेची बक्षिसी मागतात. ती त्यांची रीत, आणि त्यात गैर काही नाही. कोळ्यांचा म्होरक्या बक्षिसी मागत होता. जोतीराम जेवण मागत होते. जेवणासाठी त्यांनी तोंडाकडं बोट नेलं. मग म्होरक्याला कळावं म्हणून पाटीतल्या मासळीकडं नेलं. म्होरक्याला वाटलं, म्हातारा पैसे तर देत नाहीच, वर फुकट मासे मागतोय. तो तापला. जोतीराम तापले नव्हते, पण ते तापलेले नाहीत हे ओळखायला माणूस बावड्याचाच पाहिजे. भोवती गर्दी जमली. दोन-तीन गोऱ्या बायका फोन वर धरून चित्रण करत होत्या.

“अरे, हा तर तुमच्याकडचा दिसतोय,” शहजाद हसत म्हणाला. “बोली ऐका! तेजस्वी, ओळखता का?”

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. क्रांती मॅडमनीही पाहिलं. आणि त्याच वेळी गर्दीतून जोतीरामांनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. बंडी घामानं भिजलेली, टोपी मागं सरकलेली, हाताला दोराचा चिखल. ते दोन्ही हात पसरून तिच्याकडं यायला लागले. चार पावलांत ते तिथं पोचणार होते आणि तोंडातून ‘तेजू’ निघणार होतं.

“आमच्याकडे दूध घालतात,” तेजस्वी घाईघाईनं म्हणाली. “कोल्हापूरला. आमचे दूधवाले.”

ती हळू बोलली असती तर बरं झालं असतं. पण बोलणारी शेवटी जोतीरामांचीच लेक. आवाज लागायचा तेवढा लागला.

जोतीराम थांबले. पसरलेले हात त्यांनी खाली घेतले आणि लेंग्याला पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर तेजस्वीला पुढचे दिवस सोपे गेले असते. त्यांना क्षणभर काही समजलं नाही, मग समजलं, आणि समजल्याबरोबर ते कामाला लागले. लेक अडचणीत आहे, एवढंच त्यांनी पाहिलं.

“व्हय व्हय,” ते म्हणाले. “म्याडमच्या घरी आमचा रतीब हाय. रोजचा.”

“अहो, मग इकडं कुठं?” क्रांती मॅडमनी कौतुकानं विचारलं.

“पोरीनं आनलंय. समुद्र बगायला.”

“अरे वा! कुठंय मुलगी?”

“असंल की,” जोतीराम खाडीकडं बघत म्हणाले. “हितंच असंल कुटंतरी.”

तेजस्वीच्या पायाखालची वाळू सरकली असं म्हणायला ती पाण्यात उभी नव्हती. ती फरसबंदीवर उभी होती आणि फरसबंदी घट्ट होती. नुसतं तोंड उघडायचं होतं. ‘चेष्टा केली हो, हे माझे आप्पा’ एवढं म्हटलं असतं तरी सगळं हसण्यावारी गेलं असतं. तिला ते कळत होतं. कळत असूनही ती गप्प बसली, आणि प्रत्येक क्षणाला ते शब्द जास्त जड होत गेले.

शहजादनं मोडक्या हिंदीत कोळ्यांशी बोलून भांडण मिटवलं. म्होरक्या हसला, त्यानं जोतीरामांच्या पाठीवर थाप मारली. क्रांती मॅडमनी समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि स्वतःची खुर्ची ओढून जोतीरामांपुढं ठेवली. “बसा काका. दमलात.”

“न्हाई न्हाई. तुमी बसा. आमी असंच बरं हाय.” ते कठड्यावर बसले, जरा लांब, तोंड पाण्याकडं करून. चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. फुर्र असा आवाज होतो तो, घरात हजारदा ऐकलेला. तेजस्वीला तो ऐकवेना आणि न ऐकूनही राहवेना.

“किती गोड माणूस आहे,” क्रांती मॅडम हळूच म्हणाल्या. “आणि मुलीचंही कौतुक. कोण आणतं हो हल्ली बापाला?”

यानंतर कुणीतरी म्हणालं, फोटो काढू. जोतीरामांच्या हातात फोन दिला गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, भरलं भांडं धरावं तसा धरला. “म्याडम,” ते तेजस्वीला म्हणाले, “जरा हसा की.” ती हसली. कशी हसली ते तिचं तिला ठाऊक.

संध्याकाळी मंडळींना स्टेशनवर सोडून ती बोटीनं परत लॉजवर आली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. आधी माफी, मग कारण, मग पुन्हा माफी. दार उघडंच होतं. जोतीराम खाटेवर बसून अंबूबाईसाठी घेतलेली मिरीची पुडी कागदात नीट बांधत होते.

“आप्पा, सकाळी मी...”

“जेवलीस काय?” त्यांनी विचारलं.

“नाही. आप्पा, ऐका ना...”

“मग चल जेवू. आज काय माजं इर्जिकीचं जेवान बुडालं.” आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले. पुढं त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांना वाटलं, आपण विषय टाळला म्हणजे लेकीला सोपं जाईल. बापांना असं वाटतं.

रविवारी दोघं फिरली. राजवाडा पाहिला, जुनं चर्च पाहिलं, मसाल्याच्या वखारींच्या गल्ल्या पाहिल्या. पण जोतीराम तिच्या बरोबरीनं चालेनात. ती थांबली की थांबत, चालली की दोन पावलं मागून येत. तिनं विचारलं, “आप्पा, पाय दुखतात काय?”

“न्हाई की.”

“मग असं मागं का?”

“तुजी मानसं असत्याल कुटंतरी. उगंच कशाला?”

“ती काल रात्रीच गेली आप्पा. कोणी नाही इथं.”

“असू दे, असू दे.”

भर दुपारी, त्या गल्लीच्या तोंडाशी तेजस्वी उभी राहिली, आणि तिला इतकी लाज वाटली की आजूबाजूचे लोक आपल्याकडं बघतायत असं वाटायला लागलं. कुणीही बघत नव्हतं. आयुष्यभर तिनं बापाच्या आवाजाची, टोपीची, चहाच्या फुर्रची लाज वाटून घेतली होती. पण ती लाज कपड्यासारखी वरवरची होती, घरी जाऊन काढून ठेवता येत होती. ही आतली होती.

परतीच्या गाडीत जोतीराम खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या पावण्यांना त्यांनी काही विचारलं नाही. भडंग उरलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

कोल्हापूरला आल्यावर मात्र ते पुन्हा बोलते झाले. बावड्यात संध्याकाळच्या धारेच्या वेळी गोठ्यासमोर गल्ली जमते. दूध घ्यायला यायचं, भांडं कट्ट्यावर ठेवायचं आणि धार होईस्तोवर गावाची खबरबात घ्यायची. पेपर उशिरा आला तरी चालतो, पण हा कट्टा चुकवून चालत नाही. आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेजस्वी ऑफिसातून परस्पर माहेरी आली, तर कट्टा भरला होता. कारखान्यातून निवृत्त झालेले गणपतराव होते, शेजारच्या बनाबाई होत्या, आणखी पाचसहा जण होते. जोतीराम म्हशीखाली बसून, धारेच्या सरसर आवाजावर आपला आवाज चढवून सांगत होते.

“बावड्याच्या कारखान्याएवढं जहाज, गणपतराव! आन हाताला लागंल एवढ्या जवळनं. म्या म्हनलं, ह्येला रस्ता कोन देतंय?”

“आन ऱ्हायला कुटं हुता, जोतीराम?” गणपतरावांनी विचारलं.

“हाटेलात की. तेजूच्या कंपनीच्या. लिफ्ट हाय, गादी अशी की मानूस बुडतोय.”

तेजस्वी दाराशी थबकली. तिला अजून कुणी पाहिलं नव्हतं.

“तिच्या सायबीनबाई हायत पुन्याच्या,” जोतीराम पुढं म्हणाले. “लई मोट्या. तेजूनं म्हाईत हाय काय केलं? समद्यांच्या म्होरं माजा हात धरला आन सांगितलं, ह्ये माजं वडील. दुदाचा धंदा करून मला शिकीवलं. मग त्या बाईनं आपली सोताची खुर्ची सोडली. म्हनली, काका, बसा.”

“बाई बाई बाई,” बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. “भावजी, नशीब काडलंसा. अशी लेक पायजे. न्हाईतर आमची पोरं. मुंबैला गेल्यापास्नं फोन उचलत न्हाईत.”

“तर वो! नाद करायचा न्हाई,” जोतीराम म्हणाले. म्हशीच्या अंगाआडून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजात असं काही होतं की सांगता सांगता ते त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

तेजस्वीला ते सोसवलं नाही. आपल्या बापाला आपल्यासाठी खोटं बोलावं लागतंय, आणि बनाबाई आपलं कौतुक करतायत, आणि आपण दाराआड उभं राहून ऐकतोय. यातून सुटायचं तर एकच वाट आहे, असं तिला वाटलं.

“खोटं हाय ते,” ती पुढं येऊन म्हणाली. तिच्या तोंडून ऑफिसची जीभ कुठल्या कुठं पळाली होती. “काकू, माझं कौतुक करू नका. मी न्हाई सांगितलं ह्ये माझं वडील म्हणून. मी सगळ्यांच्या पुढं म्हटलं, ह्ये आमच्याकडं दूध घालत्यात. आप्पा समोर हुतं. मला लाज वाटली त्यांची. हाटेलात पण न्हाई ठेवलं मी त्यांस्नी.”

धारेचा आवाज थांबला.

तिला वाटलं होतं, बनाबाई शिव्या देतील, गणपतराव खडसावतील, आणि आपण ते सगळं मान खाली घालून ऐकू. पण त्यांच्यापैकी एकानंही तिच्याकडं पाहिलं नाही. सगळे जोतीरामांकडं बघत होते. म्हशीच्या पोटाखालून उठलेल्या, हातात चरवी धरलेल्या, आत्ता आत्ता लिफ्ट आणि खुर्ची सांगणाऱ्या माणसाकडं बघत होते, आणि बघवत नाही म्हणून नजर वळवत होते. गणपतराव म्हणाले, “चला, उशीर झाला,” आणि दूध न घेताच उठले. बनाबाईंनी भांडं पुढं केलं. जोतीरामांनी त्यात दूध मोजून ओतलं, नेहमीसारखं वर थोडं जास्तीचं घातलं. बघता बघता कट्टा रिकामा झाला.

तेजस्वी हुंदके देत होती. पण त्या हुंदक्यांतही आत कुठंतरी तिला हलकं वाटत होतं, खरं बोलून टाकल्याचं. ते अंबूबाईंनी ओळखलं. त्या अंगणातल्या चुलीपाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

“झाकली मूठ हुती की गं ती,” त्या म्हणाल्या. “तुला कुनी उगडायला सांगितलती?”

“आई, मला न्हाई सोसलं. आप्पांनी किती दिवस माझ्यासाठी...”

“तुज्यासाटी व्हय?” अंबूबाईंनी एवढंच विचारलं आणि त्या आत गेल्या.

जोतीरामांनी दूध गाळलं. किटल्यांची झाकणं लावली. म्हशीपुढं वैरण टाकली. मग कट्ट्याच्या कडेला, जिथं गणपतराव बसले होते तिथंच ते बसले. तेजस्वी त्यांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, “आप्पा, मला मारा, शिव्या द्या. पण काहीतरी बोला.”

त्यांनी हात लेंग्याला पुसले. मग बोलले ते इतक्या हळू आवाजात, की या गल्लीत त्यांचा तसा आवाज कुणी ऐकला नसेल.

“तितं मला कोन वळखत न्हवतं, तेजू. तितं तू काय बी म्हनलीस तरी चाललं.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “हितं सगळी वळखत्यात गं.”

एवढं बोलून ते उठले. दूध न घेताच गेलेल्या गणपतरावांच्या घरी ते पोचवायचं राहिलं होतं. त्यांनी लहान किटली उचलली, दारापर्यंत गेले, आणि गल्लीत पाऊल टाकण्याआधी तिथंच थांबून राहिले.